जुना सर्व्हर घरी आणला, पण सुरूच होत नाही: पॉवरएज आर७१० ची दुखणी शोधताना

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून घेतलेला माझा पहिला सर्व्हर ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मिरजेला आला. उतरवून घेणाऱ्या हमालाने वजन जोखून विचारलं, "दादा, तिजोरी हाय का काय?" दुकानात हे यंत्र माझ्यासमोर चालू झालं होतं. घरी बटण दाबलं तर पंखे विमानासारखे घोंगावले, समोरचा छोटा पडदा निळ्याचा नारिंगी झाला आणि मॉनिटर काळा तो काळाच. दुकानदाराने फसवलं अशी माझी खात्रीच झाली होती. फसवलं नव्हतं. रात्रभरच्या खड्ड्यांनी रॅमच्या दोन स्टिक आणि एक कार्ड जागेवरून हललं होतं, एवढंच.

त्यानंतर स्वतःची दोन आणि मित्रांची चार-पाच अशी यंत्रं उघडून झाली. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. जुन्या सर्व्हरवर सुरुवातीलाच जे एरर दिसतात, त्यातले निम्मे त्या यंत्राचे नसतातच. काही प्रवासाचे असतात आणि बरेचसे आधीच्या मालकाचे: त्याने ठेवलेली सेटिंग, त्याच्या डिस्कच्या खुणा, त्याचा पासवर्ड, त्याच्या काळातल्या बिघाडाच्या नोंदी. म्हणून नवीन सुटा भाग विकत घेण्याआधी हे जुनं बिऱ्हाड घराबाहेर काढायचं.

इथे मी डेल पॉवरएज आर७१० धरून सांगतोय. २००९ सालचं हे मॉडेल. दोन प्रोसेसर, रॅमचे १८ स्लॉट, डीडीआर३ ईसीसी (म्हणजे छोट्या चुका स्वतःच दुरुस्त करणारी) मेमरी. याच पिढीच्या आर६१० आणि टी६१० वरही हे बहुतेक जसंच्या तसं लागू पडतं. दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर असेल तर कोड आणि बटणं वेगळी, पण शोधायचा क्रम हाच.

आधी वीज, मग बाकी सगळं

थ्री-पिन सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हे पहिल्यांदा बघा. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. चेसिसला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा आणि वायरमनला बोलवा. सर्व्हरच्या पत्र्याला अर्थिंग नसणं हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. घरच्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर आणि डेस्कटॉपच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवरही पहिली चाचणी घेऊ नका. यंत्र बिघडलंय की वीज अपुरी पडतेय, हेच कळायचं नाही.

आता दोन्ही पॉवर कॉर्ड काढा. समोरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा. आत उरलेला चार्ज निघून जातो, आणि नुसत्या एवढ्यानेच जागे झालेले सर्व्हर मी पाहिलेत. मग कॉर्ड लावा आणि लगेच बटण दाबू नका. दूरवरून सर्व्हर सांभाळण्यासाठी आत आयड्रॅक नावाचा एक स्वतंत्र छोटा संगणकच असतो. कॉर्ड लागली की तो आधी उठतो. त्याला दोन मिनिटं द्या.

मागे पॉवर सप्लायवरचा दिवा बघा. हिरवा म्हणजे ठीक, नारिंगी म्हणजे त्या सप्लायमध्ये दोष. हिरवा आणि नारिंगी आलटून पालटून लागत असेल तर दोन सप्लायची जात जुळत नाही. या मॉडेलला ८७० वॅटचा आणि ५७० वॅटचा असे दोन प्रकार येतात, आणि जुन्या बाजारात कुणाचा सप्लाय कुणाच्या पोटात जाईल सांगता येत नाही. अशा वेळी एक काढून ठेवा. सर्व्हर एकावरही चालतो, दुसरा राखीव असतो.

बटण दाबल्यावर डेस्कटॉपच्या सवयीने अर्ध्या मिनिटात काही दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. रॅम भरपूर असेल तर सुरुवातीला पडदा बराच वेळ काळा राहतो. मग बायोस (यंत्र उठवणारा मूळ प्रोग्राम), मग रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र बांधून चालवणारं), मग आयड्रॅक, मग नेटवर्क कार्ड असे सगळे आपापली हजेरी लावतात. तीन-चार मिनिटं सहज जातात. घाबरून मधेच बंद करणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. मीही केली आहे. मॉनिटर साध्या व्हीजीए केबलनेच जोडा. पुढे आणि मागे दोन्हीकडे व्हीजीए पोर्ट आहेत, आणि पुढे काही जोडलेलं असेल तर मागचा बंद होतो.

समोरचा पडदा काय म्हणतोय

या पिढीच्या डेलची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे समोरची एलसीडी पट्टी. निळी असेल तर सगळं ठीक. नारिंगी झाली की ती ई ने सुरू होणारा कोड आणि चार शब्दांचं कारण दाखवते. फोटो काढा. पुढच्या खटपटीत पहिला कोड नेमका काय होता, हे हटकून विसरायला होतं.

जुन्या बाजारातून आणलेल्या यंत्रांवर नेहमी भेटणारे कोड असे:

ई१२१० म्हणजे मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सोबत मॉनिटरवर वेळ सेट नसल्याचा संदेश येतो. हा सेल पहिल्या दिवशीच बदला, कारण तो गेला की केलेली सेटिंग टिकत नाहीत आणि नोंदींच्या तारखाही भलत्याच पडतात.

ई१२११ म्हणजे रेड कार्डची बॅटरी. ही वेगळी, लिथियमची. ती मेलेली असली तरी सर्व्हर सुरू होतो, फक्त डिस्कवरचं लिखाण मंदावतं. कार्ड आपल्या पडद्यावर इशारा देतं आणि डी दाबून तो कायमचा बंद करता येतो. मात्र बॅटरी फुगली असेल तर ती आत ठेवू नका. काढा आणि ई-कचऱ्यात द्या.

ई१३१० म्हणजे पंखा, पुढे त्याचा क्रमांक. आधी तो काढून परत दाबून बसवा, मग शेजारच्याशी अदलाबदल करा. कोडमधला क्रमांक बदलला तर पंखाच गेलाय, तोच राहिला तर कनेक्टर बघा.

ई१६१सी म्हणजे एका सप्लायला वीज येत नाही. बहुतेकदा आपणच एकच कॉर्ड लावलेली असते. ई१६२४ ही त्याचीच जोडीदार: राखीव सप्लाय उरला नाही, अशी तक्रार.

ई१४१० म्हणजे प्रोसेसरने आतली चूक कळवली. ऐकायला भयंकर, पण लगेच प्रोसेसर बदलायला धावू नका. खराब जादा कार्ड किंवा रॅमसुद्धा हा कोड आणू शकते.

ई२०१०, ई२०११, ई२११० ही मेमरीची मंडळी. त्यांच्याकडे नीट बसून बघायला लागतं, खाली येतोच.

आय१९१२ (हा ई ने नाही, आय ने सुरू होतो) म्हणजे नोंदवही भरली. यात बिघाड काहीच नाही. पण ती का भरली, ते वाचण्यासारखं असतं.

मॉनिटरवर एकदा काही दिसू लागलं की सुरुवातीच्या काळात कंट्रोल-ई दाबा. आयड्रॅकच्या मेनूत सिस्टिम इव्हेंट लॉग, म्हणजे तीच नोंदवही, आहे. एका मित्राच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाच रॅम स्लॉटची तक्रार महिनोन् महिने नोंदलेली होती. म्हणजे आधीच्या ऑफिसात कुणीतरी रोज एफ१ दाबून पुढे जात होतं. सगळ्या नोंदींचे फोटो घ्या आणि मग लॉग पुसून टाका. त्यानंतर जे परत उगवेल तेच आजचं खरं दुखणं. याच मेनूतून आयड्रॅक मूळ सेटिंगवर आणा. मग नाव रूट, पासवर्ड कॅल्विन, पत्ता १९२.१६८.०.१२०. आधीच्या मालकाचा पासवर्ड शोधत बसायची गरज नाही, पण आपला नवीन मात्र त्याच दिवशी ठेवा.

झाकण उघडून

दोन्ही कॉर्ड काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही. यंत्र बंद दिसत असलं तरी कॉर्ड लागलेली असेपर्यंत बोर्डवर थोडी वीज असतेच. पत्र्याला हात टेकवून अंगातली स्थिर वीज उतरवा. गच्चीवर किंवा अंगणात नेऊन ब्लोअरने धूळ काढा, पण पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भरधाव फिरतात.

मग प्रत्येक गोष्ट काढून परत बसवा. रॅम, रेड कार्ड, त्याच्या केबली, रायझर (ज्यात जादाची कार्डं बसतात ते उभे बोर्ड), पंखे. रॅमच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासायची आपल्याकडची पद्धत चालते, फक्त खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड त्याहून बरं. जादाची कार्डं, म्हणजे फायबर चॅनेल, जास्तीचं नेटवर्क वगैरे, सगळी बाहेर ठेवा. रायझर मात्र जागेवर हवेत. हवा वळवणारं काळं प्लास्टिकही परत लावा. ते नसलं तर हवा हीटसिंकवरून, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरून, नीट जात नाही.

एवढं करून बटण दाबा. माझा पहिला सर्व्हर इथेच बरा झाला होता.

झाला नाही तर कमीत कमी सामानावर या. एक पॉवर सप्लाय, पहिला प्रोसेसर, ए१ स्लॉटमध्ये रॅमची एकच स्टिक, डिस्क सगळ्या बाहेर ओढलेल्या. दुसरा प्रोसेसर लगेच काढायची गरज नाही, त्याच्या बाजूची रॅम काढलीत तरी पुरे. तरी काळाच पडदा असेल तर दुसरी स्टिक लावून बघा. मग एनव्हीरॅम क्लिअर नावाचा जंपर (बोर्डवरच्या दोन पिना जोडणारी छोटी टोपी) हलवून यंत्र एकदा चालू करा, बंद करा, जंपर पूर्ववत करा. आधीच्या मालकाची बायोस सेटिंग अशी पुसली जातात. बायोसला पासवर्ड असेल तर शेजारचा पासवर्ड एनेबल जंपर त्याच कामाचा. कोणता जंपर कुठे, हे झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चित्रात असतं.

रॅम: इथे वेळ द्या

प्रत्येक प्रोसेसरला ९ स्लॉट असतात. पहिल्याचे ए१ ते ए९, दुसऱ्याचे बी१ ते बी९. हे नऊ तीन चॅनेलमध्ये, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या तीन वाटांत, वाटलेले आहेत: १, ४, ७ एक चॅनेल, २, ५, ८ दुसरा, ३, ६, ९ तिसरा. प्रत्येक चॅनेलच्या पहिल्या स्लॉटची खिट्टी पांढरी असते आणि भरायला सुरुवात तिथूनच करायची. ही वाटणी कागदावर लिहून समोर ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

नियम थोडे आणि कडक आहेत. रजिस्टर्ड आणि अनबफर्ड अशा दोन जातीच्या स्टिक एकत्र चालत नाहीत. दिसायला सारख्याच असतात, पण स्टिकरवर वेगाच्या आकड्यानंतर आर असेल तर रजिस्टर्ड, ई असेल तर ईसीसी अनबफर्ड. दोन प्रोसेसर असतील तर दोन्हीकडे सारखीच मांडणी ठेवा. बी बाजूला रॅम आहे पण दुसरा प्रोसेसरच नाही, असं असेल तर ती रॅम दिसणारच नाही. डेस्कटॉपची उरलेली रॅम इथे खपवायचा मोह मलाही झाला होता. त्या वाटेला जाऊ नका.

ई२०११, म्हणजे मांडणी चुकली असं म्हणत असेल, किंवा रॅम लावली त्याहून बरीच कमी दिसत असेल, तर एफ२ दाबून मेमरी सेटिंगमध्ये जा. तिथे ऑप्टिमायझर, मिरर आणि अ‍ॅडव्हान्स्ड ईसीसी असे पर्याय आहेत. आधीच्या कंपनीने सुरक्षिततेसाठी मिरर ठेवलं असेल तर प्रत्येक गोष्ट दोनदा साठवली जाते, एक चॅनेल वापरातच येत नाही आणि उरलेल्यातली निम्मीच मेमरी हाती लागते. घरच्या कामाला ऑप्टिमायझर करा. एका मित्राने याच कारणासाठी चार स्टिक "खराब" म्हणून बाजूला काढल्या होत्या. चारही आज माझ्या सर्व्हरमध्ये चालू आहेत.

ई२११० मात्र खरा बिघाड असू शकतो. हा कोड स्लॉटची नावं सांगतो. समजा बी२ म्हणाला. बी२ मधली स्टिक ए२ मध्ये आणि ए२ ची बी२ मध्ये टाका. लॉग पुसा आणि परत चालू करा. तक्रार ए२ कडे गेली तर स्टिक खराब, विषय संपला. तक्रार बी२ लाच चिकटून राहिली तर स्टिक निर्दोष आहे आणि दोष स्लॉटमध्ये, सॉकेटमध्ये किंवा प्रोसेसरमध्ये आहे. ही एक अदलाबदल न करता नवीन रॅम मागवणारे लोक बघितले की वाईट वाटतं.

आणि बी३, बी६, बी९ असा अख्खा चॅनेलच गायब असेल तर रॅमकडे बघूही नका. तीन स्टिक एकाच वेळी मरत नाहीत. माझ्या दुसऱ्या सर्व्हरवर नेमकं हेच होतं. दुसऱ्या प्रोसेसरचा हीटसिंक काढला. तो निघत नसेल तर उचकटू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. जुनी पेस्ट वाळून गोंदासारखी झालेली असते. या प्रोसेसरला खाली नुसते सपाट ठिपके आहेत, पिना आहेत त्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये. १३६६ पिना, केसाएवढ्या. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला तेव्हा सगळ्या एका ओळीत चमकत होत्या, आणि एका कोपऱ्याजवळ एक पिन शेजारणीवर रेललेली. पोराच्या पेनपेन्सिलीतलं शिसं काढून तिचं रिकामं टोक त्या पिनवर अडकवलं आणि श्वास रोखून ती किंचित उभी केली. पाऊण तास गेला. प्रोसेसर परत ठेवला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी नवी पेस्ट लावली, हीटसिंक चारही बाजूंनी सारखा घट्ट केला. तिसरा चॅनेल परत आला. पिन मोडली असती तर ते सॉकेट संपलं असतं, त्यामुळे हात थरथरत असेल तर हे काम दुसऱ्या दिवसावर टाका.

पिना सरळ असतील तर दोन्ही प्रोसेसरची अदलाबदल करा. दोष ए बाजूला गेला तर प्रोसेसर, बी लाच राहिला तर बोर्ड. ई१४१० साठीही हीच चाचणी, फक्त त्याआधी जादा कार्डं काढून झालेली असावीत.

डिस्क आणि रेड कार्ड

बायोस पार झालं की रेड कार्डाची पाळी, आणि तिथे बरेच जण अडतात. इकडेतिकडे वापरलेल्या डिस्क लावल्या की कार्ड सांगतं, फॉरिन कॉन्फिगरेशन सापडलं. याचा अर्थ एवढाच की या डिस्कवर दुसऱ्या कुठल्यातरी रेडच्या खुणा आहेत. समोर एफ दाबून ते आत घ्यायचा पर्याय असतो. डिस्क तुमच्याच जुन्या सर्व्हरच्या असतील आणि आत तुमचा डेटा असेल, तरच एफ दाबा. बाजारातून आलेल्या असतील तर सी दाबून कार्डाच्या मेनूत जा (किंवा सुरुवातीला कंट्रोल-आर), कार्डाच्या नावावर एफ२ दाबा, फॉरिन कॉन्फिगमधून क्लिअर करा. दुसऱ्याच्या ऑफिसचा हिशेब आपल्या हातात येण्यात काही मजा नाही.

दुसरा संदेश प्रिझर्व्ह्ड कॅशचा. आधीच्या मालकाकडे वीज अचानक गेली तेव्हा डिस्कवर न पोचलेलं लिखाण कार्डाने जपून ठेवलंय आणि ती डिस्क आता इथे नाही. त्याच एफ२ मेनूतून ती कॅश टाकून द्या. नाहीतर प्रत्येक वेळी यंत्र तिथेच अडतं.

मग नवीन व्हर्च्युअल डिस्क बनवा, इनिशियलाइज करा, आणि कंट्रोल मॅनेजमेंटच्या पानावर ती बूटसाठी निवडा. हे निवडायचं राहून गेलं की बूट डिव्हाइस नाही असा संदेश येतो आणि माणूस उगाच डिस्क बदलत बसतो. पर्क ६/आय नावाचं जुनं रेड कार्ड असेल तर २ टीबीपेक्षा मोठी डिस्क ते पूर्ण ओळखत नाही. एच७०० कार्डाला ती अडचण नाही. साध्या बायोस मोडमध्ये २ टीबीच्या पुढच्या व्हर्च्युअल डिस्कवरून बूट होत नाही, म्हणून मी शंभर जीबीची एक छोटी डिस्क ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आणि उरलेली मोठी डेटासाठी अशी विभागणी करतो.

झेडएफएसवाल्यांसाठी, म्हणजे रेड कार्डाऐवजी सॉफ्टवेअरनेच डिस्क सांभाळणाऱ्यांसाठी, एक खास अडचण. एच२०० कार्डाचं फर्मवेअर (आतला मूळ प्रोग्राम) बदलून ते डिस्क साठवणीच्या राखीव स्लॉटमध्येच ठेवलं, तर सर्व्हर त्या स्लॉटमध्ये अमान्य कार्ड असल्याचं सांगून थेट थांबतो. कार्ड बिघडलेलं नसतं. दुसऱ्या कुठल्याही स्लॉटमध्ये हलवा, चालेल.

पेन ड्राइव्हवरून

एफ११ ने बूट मेनू येतो. पेन ड्राइव्ह दिसत असूनही बूट होत नसेल तर बहुधा तो फक्त यूईएफआयसाठी, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीसाठी, बनवलेला आहे. पेन ड्राइव्ह बनवणाऱ्या रुफस प्रोग्राममध्ये एमबीआर आणि बायोस निवडून परत बनवा.

सिस्टिम टाकण्याआधी रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावतो मी. पण ईसीसी रॅममध्ये एक मेख आहे: छोट्या चुका रॅम स्वतःच दुरुस्त करते, त्यामुळे मेमटेस्ट सकाळी हिरवा दिसला तरी लॉगमध्ये नोंद पडलेली असू शकते. कंट्रोल-ई मधला लॉग उघडून बघितल्याशिवाय त्या हिरव्यावर मी विश्वास ठेवत नाही.

सगळं करूनही एक सर्व्हर माझ्याकडून उठला नाही. किमान सामान, दोन्ही प्रोसेसर आलटून पालटून, जंपर, नवा सेल, सगळं झालं. पंखे फिरायचे आणि पडदा काळा. बोर्ड गेला होता. त्याचे दोन्ही पॉवर सप्लाय, पाच पंखे आणि सगळी रॅम आज शेजारच्या सर्व्हरसाठी माळ्यावर ठेवलेली आहे, आणि पत्र्याच्या रिकाम्या खोक्यावर आमची मांजर झोपते.